शिलकेचा जाब

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे झाली, तेव्हा सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती. हिंदुस्थानच्या जमाखर्चात एवढी शिल्लक पूर्वी कधी दिसली नव्हती. साहजिकच अर्थमंत्र्यांवर अभिनंदनाचा वर्षाव होत होता. त्या अभिनंदनात सामील होण्यास मुंबई इलाख्यातून निवडून आलेल्या पस्तिशीतील एका सभासदाने नम्रपणे, परंतु स्वच्छ नकार दिला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे त्या सभागृहातील हे पहिलेच अंदाजपत्रकीय भाषण होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे 1866 साली जन्मलेले आणि थोरल्या बंधूंच्या कष्टांवर शिकलेले गोखले 1884 साली पदवीधर झाले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालत होते. सरकारी आकडे वाचावे कसे हे त्यांना न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी शिकविले. 1897 साली विलायतेत वेल्बी कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. खर्च करणारेही अधिकारी आणि तो तपासणारेही अधिकारी, कर भरणाऱ्यास मात्र कोठेच वाचा नाही, हा तिचा गाभा होता. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगबंदोबस्ताविषयी पत्रांतून कळलेल्या गोष्टी त्यांनी विलायतेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध केल्या. परतल्यावर पुरावा उभा करता येईना, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ती नामुष्की त्यांना फार जिव्हारी लागली. पुढच्या त्यांच्या भाषणांत एकही आकडा हवेतला सापडत नाही, याचे मूळ या प्रसंगात असावे.

1902 च्या भाषणातील मुद्दा वरवर पाहता साध्या वजाबाकीचा होता. रुपयाचा भाव घसरत असताना विलायतेस पाठवावयाची रक्कम भागविण्यासाठी कर वाढविण्यात आले. मिठावरील कर 1888 साली मणास दोनाचा अडीच रुपये झाला. पुढे 1893 साली खुली टांकसाळ बंद करून सरकारने रुपयाचा भाव सुमारे तेरा पेन्सांवरून सोळांवर नेला. म्हणजे ज्या पौंडासाठी पूर्वी साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत, तो आता पंधरांत मिळू लागला. पण वाढविलेले कर जसेच्या तसेच राहिले. ही शिल्लक म्हणजे देशाची भरभराट नव्हे, रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा होय, असे गोखल्यांनी दाखवून दिले. तीही दोन भीषण दुष्काळांनी पिळून निघालेल्या रयतेकडून! सभासदांना त्या काळी अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. तरीही 1903 साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि 1907 पर्यंत एक रुपयावर. हे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण उत्तर द्यावे लागेल इतके नेमके बोलणारा माणूस समोर होता, हेही खरे.

तोच प्रश्न त्यांनी विद्यापीठांच्या बाबतीत विचारला. विद्यापीठांची सुधारणा आवश्यक होती, यात संशय नाही. फेलोपद तहहयात असे आणि पुष्कळदा ते विद्वत्तेपेक्षा मानमरातबासाठी दिले जाई. गोखल्यांना हे दोष ठाऊक होते, मान्यही होते. म्हणूनच लॉर्ड कर्झन यांच्या विधेयकास विरोध करणे त्यांना सोपे नव्हते. सुधारणेचे वैरी म्हणून शिक्का बसण्याचा धोका उघड होता. परंतु कर्झनसाहेबांनी 1901 साली सिमल्यास शिक्षणपरिषद भरविली, तिला एकाही हिंदी माणसाचे आमंत्रण नव्हते. पुढे आलेल्या विधेयकात मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील सिनेटांत जास्तीत जास्त शंभर साधारण फेलो, त्यांतले निवडून येणारे अवघे वीस, आणि बाकीचे कुलपतींनी, म्हणजे सरकारने, नेमावयाचे. मुदत पाच वर्षे; तेव्हा सरकारला न रुचणारे मत देणाऱ्याने पुन्हा नेमणुकीची आशा कशाला धरावी? शिवाय विद्यापीठाचे नियम बदलण्याचा, वेळ पडल्यास स्वतःच करण्याचा अधिकारही सरकारकडे. प्राध्यापकांना आपले प्रतिनिधी निवडू द्यावेत, ही गोखल्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालये, चांगले अध्यापक यांना पैसा लागतो. त्यासाठी पाच वर्षे दरसाल पाच लाख रुपये मंजूर झाले. सात कोटींच्या शिलकेचा हिशेब मांडणाऱ्यास ही रक्कम केवढी वाटली असेल!

21 मार्च 1904 रोजी विधेयक मंजूर झाले. नव्या सिनेटांची रचना करताना सरकारकडूनच कायद्याची पायरी चुकली, मुंबईत प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा झालेले सारे वैध ठरविणारा दुसरा कायदा 1905 च्या आरंभी घाईने आणण्यात आला. गोखल्यांनी त्यासही विरोध केला. चूक करणाऱ्यानेच ती कायद्याने पुसून टाकावी, हे त्यांच्या शिक्षकी बुद्धीस पटणारे नव्हते.

पुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी स्वतः मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही स्थानिक संस्थांची इच्छा असेल तेथेच सक्ती, इतके ते सौम्य होते. मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते फेटाळले गेले. त्यानंतर तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाचे एकोणपन्नासावे वर्ष चालू असता गोखले पुण्यास निवर्तले.