गुलामीचे नाव टाकणारे सन रा

शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असा मनुस्मृतीचा दंडक आहे. आपल्या आजा-पणजांची नावे आठवून पाहा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल ही नावे ऐकू येऊ लागली, तेव्हा गावच्या पाटलाच्या कपाळाला आठ्या का पडल्या हे चळवळीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या चार वर्षे आधी, २० ऑक्टोबर १९५२ रोजी, अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका कृष्णवर्णीय पियानोवादकाने कोर्टात जाऊन आपले नाव बदलून घेतले. हर्मन पूल ब्लाउंट हे जन्माचे नाव गेले आणि ल सोनीर रा हे नवे नाव आले. जग त्यांना सन रा म्हणून ओळखते. ब्लाउंट हे गुलामांच्या मालकाचे आडनाव, ते आपण का मिरवायचे, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

२२ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात त्यांचा जन्म झाला. वंशभेदाचा बालेकिल्लाच तो. शाळा वेगळी, बसची जागा वेगळी, मेल्यावर पुरायची जमीनही वेगळी. कृष्णवर्णीयांच्या एका मंडळाचे वाचनालय तेवढे त्यांना मोकळे होते, आणि हा पोरगा तिथे पुस्तकांत बुडून गेला. शाळेत जॉन व्हॉटली नावाचे बँडमास्तर होते, अत्यंत कडक शिस्तीचे. कुमारवयातच हर्मन मोठमोठ्या बँडचे वादन ऐकून येत आणि आठवणीवर सगळ्या वाद्यांचे स्वर कागदावर उतरवून काढत. शिष्यवृत्ती मिळवून महाविद्यालयात गेले, पण एका वर्षात बाहेर पडले.

१९४२ साली सैन्यभरतीचा हुकूम आला. त्यांनी नकार दिला. आपल्याला माणूस न मानणाऱ्या देशासाठी दुसऱ्या माणसाचा जीव घ्यायला ते तयार नव्हते. अटक झाली, तुरुंगात टाकले, मग पेनसिल्व्हेनियातल्या छावणीत जंगलकामाला धाडले. प्रकृतीच्या कारणाने १९४३ मध्ये सुटका झाली. युद्धाला पाठ दाखवली म्हणून घरच्यांनीही त्यांना दूषणे दिली. पुढे ते आपल्या जन्माविषयी, नातलगांविषयी बोलेनासे झाले. आपण या पृथ्वीचे नाहीच, शनी ग्रहावरून आलो आहोत, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. गोऱ्या समीक्षकांना हे वेड वाटले. पण ज्या भूमीने माणूस म्हणून जागा दिली नाही, त्या भूमीचा पत्ता सांगायचा तरी कशाला?

शिकागोत फ्लेचर हेंडरसन या थोर बँडप्रमुखाकडे त्यांनी पियानोची नोकरी केली. रात्री क्लबात वादन, दिवसा वाचन. इजिप्तची प्राचीन संस्कृती, बायबल, शब्दांच्या व्युत्पत्ती यांवर टाइप केलेली पत्रके ते वॉशिंग्टन पार्कमध्ये उभे राहून वाटत. पन्नाशीच्या दशकात त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि त्याला ऑर्केस्ट्रा न म्हणता आर्केस्ट्रा म्हटले. आर्क म्हणजे नोहाची नौका, बुडत्यांना पार नेणारी. ऑल्टन अब्राहम या मित्रासोबत सॅटर्न नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. गोऱ्यांच्या कंपन्यांपुढे हात पसरायचा नाही, असा बाणा. कित्येक रेकॉर्डची वेष्टने वादकांनीच हाताने रंगवली आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी विकली. आपल्या गायन पार्ट्या गीतांच्या छोट्या पुस्तिका जशा स्वतःच छापून सभेत विकत, तशातलाच हा प्रकार.

१९६१ मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कला गेली. तिथे जॅझमध्ये बंडाचे वारे सुटले होते. ठरलेली चाल, ठरलेला ताल, त्यात प्रत्येकाने आळीपाळीने वाजवायचे, ही चौकटच काही वादकांना नकोशी झाली होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये बिल डिक्सन यांनी मॅनहॅटनच्या एका लहान कॅफेत चार दिवस अशा बंडखोरांचे कार्यक्रम लावले. सन रा त्यात होते. मार्च १९६६ पासून स्लग्ज नावाच्या दारूच्या गुत्त्यात दर सोमवारी रात्री आर्केस्ट्रा वाजू लागला. पैसे नावाला. दहा-बारा जण कधी, कधी त्याच्या दुप्पट. सगळे झगमगीत झग्यांत, डोक्यावर चमकत्या टोप्या. आधी नुसते ढोल, मग एक सॅक्सोफोन किंचाळल्यासारखा उठे, मग दुसरा त्याच्या अंगावर धावून जाई. कागदावर काही नाही. सन रा की-बोर्डपाशी बसून बोटाने, हाताच्या झटक्याने, नजरेने खुणावत. कोणी उठायचे, कोणी थांबायचे, सगळ्यांनी एकदम कधी तुटून पडायचे, हे त्या खुणेवर. तासन्‌तास हे चाले आणि मध्येच हेंडरसनच्या जमान्यातली एखादी जुनी चाल तंतोतंत वाजे. नवशिक्या श्रोत्याला नुसता गोंगाट वाटे, हे मान्य करायला हवे. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते.

१९६५ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘द मॅजिक सिटी’ ही त्यांची रचना जवळजवळ अर्धा तास अशीच सामुदायिक उत्स्फूर्त वादनाची आहे. मॅजिक सिटी म्हणजे जादूनगरी. बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्थानकाबाहेर हेच बिरुद मोठ्या अक्षरांत झळकत असे. शनीचा रहिवासी म्हणवणाऱ्याने सर्वात मोकळ्या वादनाला नाव दिले ते त्या नाकारलेल्या गावाचे!

मोकळे वादन म्हणजे मनाला येईल तसे, असा समज आपल्याकडेही आहे. सन रा यांचा भर उलट शिस्तीवर. सगळे एकाच घरात राहत, एकत्र जेवत, वेळी-अवेळी तालमी करत. दारू आणि नशा वर्ज्य. १९६८ पासून फिलाडेल्फियातले घर हे त्यांचे ठाणे झाले. जॉन गिलमोर, मार्शल ॲलन यांच्यासारखे अव्वल वादक दुसरीकडे नाव आणि पैसा मिळत असता दशकानुदशके तिथेच राहिले. याची दुसरी बाजूही आहे. त्या घरात शब्द एकाच माणसाचा चाले. स्वातंत्र्य वाजवणाऱ्यांना घरात किती स्वातंत्र्य होते, हा प्रश्न चाहत्यांनी टाळू नये.

१९६५ मध्ये कवी अमिरी बराका यांच्या हार्लेममधील कृष्णवर्णीय कला चळवळीत आर्केस्ट्रा रस्त्यावर उतरून वाजला. १९७१ मध्ये सन रा बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत होते, तेव्हा ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरच्या घरात त्यांच्या मंडळींचा मुक्काम होता. त्यांचे जमले नाही, घर सोडावे लागले. ज्या पँथरांवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्यांना भाकरी, घर आणि पोलिसांचा जुलूम यांवर बोलायचे होते, तर हे गृहस्थ ग्रहताऱ्यांवर बोलत. पँथरांचा राग मला समजतो. इजिप्तच्या सूर्यदेवाचे नाव घेऊन फिरण्यापेक्षा बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध ज्या चिकित्सेने घेतला ती वाट आपली. परंतु लादलेला इतिहास मी मानत नाही, माझा मी शोधीन, ही धडपड दोन्हीकडे सारखीच होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वतःच्या हिमतीवर ते वादकांना घेऊन इजिप्तला गेले आणि पिरॅमिडांच्या सान्निध्यात वाजवून आले.

१९९० मध्ये पक्षाघात झाला. तरी खुर्चीत बसून ते वाजवत राहिले. अखेर बर्मिंगहॅमलाच, ज्यांच्याविषयी बोलायचे टाळले त्या बहिणीकडे परतले आणि ३० मे १९९३ रोजी तिथेच वारले. वाद्यवृंद गिलमोर यांनी आणि १९९५ मध्ये तेही गेल्यावर मार्शल ॲलन यांनी चालवला. ॲलन यांनी २०२४ मध्ये वयाची शंभरी गाठली.

सन रा यांना एल्मवुड दफनभूमीत पुरले. १९६९ साली व्हिएतनाम युद्धात मारल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीय सैनिकाला याच दफनभूमीने जागा नाकारली होती. घरच्यांनी कोर्टात दाद मागितली, तेव्हा कुठे १९७० च्या जानेवारीत तिथले फाटक उघडले. सन रा यांच्या थडग्यावरच्या दगडावर दोन्ही नावे कोरली आहेत. आधी ब्लाउंट, आणि त्याच्याखाली ल सोनीर रा.