पाटीलबाबांचा पाय

महादजी शिंद्यांचे नाव आम्हा माळव्यातल्या मराठी कुटुंबांना परके नाही. आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या चाकरीत इकडे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलेच होऊन राहिले. दिल्लीच्या पातशहाला तख्तावर बसवणारे महादजी सर्वांना माहीत आहेत. पण पानिपतानंतरची तेहतीस वर्षे हा सरदार एका अधू पायानिशी वावरला, याचा विचार सहसा होत नाही. मानपूरच्या पुढे घाटात होणारे अपघात आपण वरचेवर ऐकतो. पाय गमावण्याची वेळ आलेले जखमी आपल्या ओळखीपाळखीत आहेत. म्हणून यंदाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पाटीलबाबांचे चरित्र त्या पायाच्या अंगाने सांगावे असे आम्ही ठरवले.

शिंदे घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावांबरोबर माळव्यात आले आणि उज्जैनला त्यांचे ठाणे झाले. महादजी हे त्यांचे धाकटे चिरंजीव. त्यांचा जन्म १७३० च्या सुमाराचा. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. पुढल्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्यात तरुण पुतणे जनकोजी हाती लागून मारले गेले.

त्या संध्याकाळी महादजी रणातून निघाले, पण एक अफगाण स्वार त्यांच्या पाठीस लागला. त्यांची घोडी खड्ड्यात कोसळली. स्वाराने गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरचे दागिने आणि घोडी घेतली आणि त्यांना तिथेच टाकून तो निघून गेला. त्याच वाटेने राणेखान नावाचा एक भिस्ती आपला पाण्याचा बैल घेऊन चालला होता. त्याने जखमी सरदाराला बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले. सर जॉन माल्कमने माळव्यावरच्या आपल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. तो स्वार पुढे कित्येक वर्षे महादजींच्या स्वप्नात येऊन पाठलाग करीत असे, असेही त्याने लिहिले आहे. जखम नुसती पायाला झाली नव्हती.

तो काळ लक्षात घ्या. भूल देण्यासाठी ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ मध्ये झाला. जंतुनाशक वापरून उघड्या जखमेचे हाड बरे करण्याची लिस्टरची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. क्ष-किरण आले १८९५ मध्ये. युरोपातल्या फौजांमध्ये अशा जखमेवर पाय कापणे हाच रूढ इलाज होता, तोही शुद्धीवर असताना. आपल्याकडे हाडवैद्यांची परंपरा होती. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला बांबूच्या कांबी आणि झाडाच्या साली बांधण्याची रीत सविस्तर दिली आहे. महादजींचा पाय राहिला, पण पूर्ववत झाला नाही. ते जन्मभर लंगडत चालले.

असा माणूस घरी बसला असता तर कोणी नवल केले नसते. सरदारी कोणाला द्यायची यावर पानिपतानंतर कित्येक वर्षे घोळ चालला. १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी ती महादजींना दिली. १७७१ मध्ये मराठे दिल्लीत शिरले आणि पुढच्या जानेवारीत शाह आलम राजधानीत परतला. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले. १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. १७८७ मध्ये लालसोटनंतर त्यांना मागे हटावे लागले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने पातशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजेने दिल्ली पुन्हा घेतली. त्या फौजेचा सेनानी होता राणेखान. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याला महादजींनी भाऊ मानले, सरदार केले आणि शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास टाकला.

१७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. त्याच सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवण्यात आले. टिपूच्या लोकांनी ते कापले होते. शस्त्रक्रिया करणारा कुंभार समाजातला एक कारागीर होता. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ही बातमी छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी ती रीत उचलली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि महादजींचेही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजींचा अंत झाला. त्यांची छत्री तिथे आजही आहे.

आता आजचा प्रश्न. गाडीखाली पाय चिरडला, हाड उघडे पडले, रक्तवाहिनी तुटली, तर पाय वाचवावा की काढावा? अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये यावर अजून एकमत नाही. सळई, प्लेट, सायबेरियातल्या इलिझारोव्हची कडी, दुसरीकडचे मांस आणि कातडी आणून जखम झाकणे, असे इलाज आज हाताशी आहेत. पण वाचवलेल्या पायामागे अनेकदा वारंवार शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण आणि हाडात ठाण मांडणारा संसर्ग येतो. १९९० मध्ये जखमेला गुण देण्याची एक पद्धत निघाली. सात किंवा जास्त गुण आले तर पाय काढावा, असा संकेत होता. पुढच्या अभ्यासांत, नुसत्या गुणांवर निर्णय सोडता येत नाही असे दिसले.

अमेरिकेतल्या आठ रुग्णालयांमधील ५६९ जखमींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, दोघांची स्थिती जवळपास सारखीच होती. फरक पडला तो इतर गोष्टींनी. शिक्षण कमी, गरिबी, धूम्रपान, आपण पुन्हा उभे राहू हा भरवसा नसणे आणि पाठीशी माणसे नसणे, अशांची अवस्था वाईट होती.

म्हणून निर्णय घेताना रुग्णाला आणि घरच्यांना सगळे नीट सांगून विचारणे, हाही उपचाराचाच भाग आहे. पाय काढणे म्हणजे हरणे नव्हे. जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेल्या पायाने माणूस शेतात अनवाणी चालतो, मांडी घालून पंगतीला बसतो. उलट, वाचणारा पाय हयगयीने जाऊ नये. रक्तपुरवठा तुटल्यावर साधारण सहा तासांच्या आत तो सुरू व्हावा लागतो. उघड्या जखमेवर घट्ट कांबी बांधून घेतल्या तर पाय सडतो. अशा वेळी हाडवैद्याकडे वेळ न घालवता थेट इंदूरचे मोठे रुग्णालय गाठावे.

आणि त्यानंतर? महादजींना राणेखान भेटला, आणि अधू पायाच्या माणसाला सरदारी देणारे माधवरावही भेटले. आपल्या मंडळातला कोणी वर्षभर अंथरुणावर पडला, तर त्याला इस्पितळात नेणारा, कुबड्यांवर चालताना सोबत करणारा आणि पुन्हा कामावर घेणारा माणूस आपल्यातूनच निघायला हवा. मंडळाच्या वर्गणीतला काही भाग दर वर्षी अशा कुटुंबांसाठी बाजूला ठेवावा, अशी सूचना आम्ही यंदाच्या सभेपुढे मांडणार आहोत.