डॉक्टर, मुलींची शाळा आणि सकाळचे दोन-तीन तास

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलांना घेऊन गेलेल्या प्रत्येकाने डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत पाहिलेली असते. 'भाऊ दाजी' कोण, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. ते मुंबईतील पाश्चात्त्य वैद्यकाच्या पहिल्या एतद्देशीय पदवीधरांपैकी एक होते. शिक्षणासाठी वेळ देणाऱ्या हौशी नागरिकांच्या एका मंडळाचेही ते आधारस्तंभ होते.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातील पेडणे भागातला, साधारण 1822 चा. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब मुंबईत आले आणि हा हुशार मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकून पुढे तिथेच शिकवू लागला. कच्छ-काठेवाडातील मुलींच्या बालहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

याच काळात, 1848 मध्ये, एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते. निबंध वाचायचे, चर्चा करायची, शास्त्रीय विषय समजून घ्यायचे, अशी तिची सुरुवात. पण इंग्रजीत मिळालेले ज्ञान इंग्रजी न येणाऱ्यांपर्यंत कसे पोचणार? म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग. 1850 पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघू लागले आणि विज्ञानाचे विषय मराठी वाचकांच्या घरात आले.

सोसायटीचे सर्वांत धाडसी काम 1849 चे. तिने मुलींसाठी शाळा काढल्या. इमारत नाही, पगारी शिक्षक नाहीत. मराठी मुलींची शाळा जगन्नाथ शंकरशेट यांच्या वाड्यात भरली. सभासद सकाळी मुलींना शिकवत आणि मग आपापल्या कामाला जात. मुली मिळवण्यासाठी घरोघर फिरावे लागे. काही घरांत स्वागत झाले, काहींनी दारातूनच परतवले. भाऊ दाजींनी या कामाची पाठराखण केली आणि पुढे ते सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्यांच्या चाहत्यांनी निधी उभारून त्यांच्या नावे मुलींची शाळाही चालवली.

दवाखान्यातही त्यांची वृत्ती हीच होती. शस्त्रक्रिया आणि अवघड बाळंतपणे यांत त्यांचा हातखंडा होता. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासोबत त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. जुन्या संस्कृत ग्रंथांतील औषधे केवळ श्रद्धेने न स्वीकारता ते रुग्णांवरील परिणाम पाहून तपासत. कुष्ठरोगावर त्यांनी वापरलेले औषध म्हणजे कडूकवठाचे तेल. त्याच कुळातील झाडांची तेले पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली. 1940 च्या दशकात सल्फोन औषधे आली, तेव्हा ती मागे पडली.

याच ठिकाणी त्यांच्या आयुष्यातील एक विसंगतीही दिसते. ज्ञान लोकभाषेत न्यावे म्हणून झटणाऱ्या या डॉक्टरने आपले हे औषध नेमके कोणते, ते बराच काळ उघड केले नाही. त्यावर टीकाही झाली. घटक आणि कृती सर्वांसमोर ठेवली, तरच इतरांना ते तपासता येते. विज्ञानाचा हा नियम मोठ्या माणसालाही सुटत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये ते होते, 1869 आणि 1871 असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. संग्रहालयासाठीही त्यांनी खटपट केली, त्याची इमारत 1872 मध्ये खुली झाली. मात्र 1865 च्या शेअरबाजाराच्या पडझडीत त्यांची संपत्ती गेली होती. शेवटची वर्षे पक्षाघाताने ग्रासली आणि 1874 मध्ये त्यांचे निधन झाले. संग्रहालयाला त्यांचे नाव मिळायला 1975 साल उजाडले.

आज रोटरी, लायन्ससारखे क्लब शाळांना पुस्तके आणि प्रयोगसाहित्य देतात. ही मदत मोलाचीच. पण पेटीत बंद राहिलेले सूक्ष्मदर्शक किंवा कुलूपबंद ग्रंथालय कुणालाच शिकवत नाही. 1849 च्या त्या तरुणांकडे साहित्य जवळजवळ नव्हते, होते ते रोजचे दोन-तीन तास. आपल्या भागातील शाळेत आठवड्यातून एकदा जाऊन मुलांसोबत वाचणारा निवृत्त शिक्षक, किंवा शरीरशास्त्राचा धडा समजावून सांगणारा डॉक्टर हीच परंपरा पुढे नेतो. पुढच्या वेळी राणीच्या बागेत गेलात, तर मुलांना प्राणी दाखवण्याआधी त्या इमारतीवरचे नाव वाचून दाखवा.