डॉ. रॉबर्ट कॉख आणि गुरांचा क्षयरोग

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं एखादी गाय किंवा म्हैस बांधलेली असेल. सिल्लोड तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या खेड्यांतून, पुष्कळ घरांत दूध येतें तें आपल्या नाहींतर शेजाऱ्याच्या गोठ्यांतूनच. धारोष्ण दूध लेंकरांस पाजिलें असतां त्यांस बळ येतें, असें आपले वाडवडील मानीत आले. ह्या समजुतीमागें माया आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या दुधांतून कधीं कधीं काय येतें, हें कळणेंहि अगत्याचें आहे. म्हणून ज्यांनीं क्षयरोगाचें मूळ शोधून काढिलें, आणि तरीहि दुधाच्या ह्याच प्रश्नांत जे चुकले, त्या डॉ. रॉबर्ट कॉख यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

कॉख यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १८४३ रोजीं जर्मनींतील हार्झ पर्वतांत क्लाउस्थाल ह्या खाणींच्या गांवीं झाला. वडील खाणींच्या कामावर अधिकारी होते व घर लेंकुरवाळें होतें. १८६६ सालीं गटिंगेनच्या विद्यापीठांत वैद्यकीचें शिक्षण पुरें करून, पुढें १८७२ सालीं ते वोलस्टाइन नांवाच्या आडगांवीं सरकारी डॉक्टर म्हणून गेले. तेथें ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय. रोगी तपासावयाच्या खोलींत एक पडदा लावून त्यांनीं तिचे दोन भाग केले. पडद्याच्या अलीकडे गांवचे दुखणेकरी, आणि पलीकडे सूक्ष्मदर्शक यंत्र व पांढरे उंदीर. खेड्यांत राहिल्यानें मोठें काम होत नाहीं, असें ज्या उपदेशकांस व शाळामास्तरांस कधीं कधीं वाटतें, त्यांनीं ह्या पडद्याची आठवण ठेवावी.

त्या प्रांतांत फाशीच्या रोगानें मेंढरें व गुरें पटापट मरत. एकाच कुरणांत वर्षानुवर्षें हा रोग कां परत येतो, हें कोणास उमगत नव्हतें. कॉख यांनीं मेलेल्या जनावराचें रक्त तपासून त्यांतील जंतु वेगळा वाढविला, आणि तो जंतु कठीण बीजाचें रूप घेऊन मातींत दीर्घकाळ जिवंत राहतो, हें १८७६ सालीं सिद्ध करून दाखविलें. अमुक रोग अमुक जंतूपासूनच होतो, असा पक्का पुरावा त्यामुळें प्रथम जगापुढें आला. फाशीनें मेलेलें जनावर फाडूं नये, खोल पुरावें किंवा जाळावें, हा आज गुरांचे डॉक्टर देतात तो सल्ला ह्याच शोधाच्या पायावर उभा आहे.

१८८० सालीं सरकारनें त्यांस बर्लिन येथें नेलें. त्या काळीं क्षयरोग हा वंशपरंपरेचा किंवा नशिबाचा भोग समजला जाई. ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिनच्या विद्वानांच्या सभेंत कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखविला. आज सर्व जगांत तो दिवस क्षयरोगदिन म्हणून पाळितात, तो ह्याचसाठीं. माणसांच्या क्षयाप्रमाणेंच गुरांच्या क्षयांतहि त्यांस हा जंतु आढळला होता, आणि रोगी गाईचें दूध माणसास बाधूं शकेल, असेंच तेव्हां त्यांचें मत होतें.

पुढें कीर्ति वाढली आणि तिच्याबरोबर घाईहि आली. १८९० सालीं त्यांनीं क्षयाच्या जंतूंपासून ट्युबरक्युलिन नांवाचा अर्क तयार केला व त्यानें रोग बरा होईल अशी आशा दाखविली. देशोदेशींचे रोगी बर्लिनकडे धांवले. परंतु औषध गुणकारी ठरलें नाहीं. उलट कित्येकांची प्रकृति बिघडली व कांहीं मरण पावले. कॉख यांच्या नांवास मोठा बट्टा लागला.

तरी बांधणाऱ्यांनीं टाकिलेल्या दगडासारखी ह्या अर्काची गोष्ट झाली. हाच अर्क गुरांस टोंचला असतां, ज्या जनावराच्या अंगांत क्षय लपलेला आहे तें ओळखितां येतें, असें गुरांच्या वैद्यांस लवकरच दिसून आलें. आजहि जनावराच्या कातडींत तो टोंचून ७२ तासांनीं सूज मोजितात. डेन्मार्क देशांतील बर्नहार्ड बँग यांनीं १८९२ च्या सुमारास ह्या परीक्षेवर एक साधी रीत बसविली: रोग दिसलेलीं जनावरें निराळीं बांधावीं, वासरूं जन्मतांच आईपासून वेगळें करावें, आणि त्यास तापविलेलें किंवा निरोगी गाईचें दूध पाजावें. अशा रीतीनें, सगळा कळप न मारतां, कांहीं वर्षांत निरोगी गुरें तयार होत. आपल्या महाराष्ट्रांत गाईची हत्या कायद्यानें मना आहे. तेव्हां ही रीत आपल्याजोगी आहे.

कॉख यांचे पाय आपल्या देशासहि लागले होते. १८८३-८४ सालीं ते पटकीच्या शोधासाठीं कलकत्त्यास आले, आणि १८९७ सालीं प्लेगचा अभ्यास करण्यास मुंबईस. गुरांच्या रोगांची जी सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं आपल्या पुणें शहरीं सुरू होऊन १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वर येथें गेली, तिलाहि त्यांनीं १८९७ सालीं भेट दिली.

आतां त्यांच्या चुकीकडे वळूं. १९०१ सालीं लंडन येथें क्षयरोगावर मोठी परिषद भरली. तेथें कॉख यांनीं आपलें पूर्वींचें मत फिरविलें. गुरांचा क्षय व माणसांचा क्षय भिन्न असून, गुरांचा रोग माणसास क्वचितच होतो. सबब दुधासाठीं विशेष बंदोबस्त करण्याचें कारण नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. दोन्ही जंतु भिन्न आहेत एवढें खरें होतें. अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ यांनीं तें १८९८ सालींच दाखविलें होतें. पण भय नाहीं, हें खरें नव्हतें. सभेंत बसलेल्या लिस्टर यांच्यासारख्या थोर वैद्यानें व बँग यांनीं शंका घेतली. इंग्लंडच्या सरकारनें त्याच वर्षीं चौकशीमंडळ नेमिलें. दहा वर्षें प्रयोग करून १९११ सालीं मंडळानें शेवटचा निर्णय दिला कीं, गुरांचा क्षय माणसांस, आणि विशेषेंकरून दुधावर वाढणाऱ्या लेंकरांस, होतो. मानेच्या गांठी, हाडें व आंतडीं ह्यांत तो घर करितो. कॉख यांस १९०५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तरी १९०८ सालच्या वॉशिंग्टनच्या परिषदेंतहि त्यांनीं आपला हेका सोडिला नाहीं. ता. २७ मे १९१० रोजीं बाडेन-बाडेन येथें त्यांचा अंत झाला.

थोर माणसाच्या चुकीची किंमत लहानांस भरावी लागते. १९३० च्या सुमारासहि ब्रिटनमध्यें गुरांच्या क्षयानें दरवर्षीं २,००० हून अधिक माणसें मरत, व त्यांत मुलें फार असत. पुढें दूध तापवून विकण्याची चाल पडली व गुरांची परीक्षा सक्तीची झाली, तेव्हां हे मृत्यु थांबले. तथापि रोगाची मुळी रानांतहि पसरली होती. १९७१ सालीं इंग्लंडांत बिळांत राहणाऱ्या बॅजर नांवाच्या प्राण्यांत तो सांपडला. न्यूझीलंडांत तो पोसम नांवाच्या प्राण्यांत शिरला. रानांत गेलेला रोग परत काढणें फार कठीण असतें. आपल्या डोंगरांतील रोही व काळवीट आपल्या गुरांच्याच पाणवठ्यावर येतात; म्हणून गोठ्यांतला रोग गोठ्यांतच अडविणें बरें.

आपण काय करावें? पहिली गोष्ट, दूध चांगली उकळी आणल्यावांचून कोणासहि, विशेषतः लेंकरांस, देऊं नये. उकळीनें हा जंतु मरतो. दुसरी, जें जनावर चांगला चारा खाऊनहि वाळत जातें व खोकतें, त्यास निराळें बांधून सरकारी गुरांच्या दवाखान्यांत कळवावें. तिसरी, आपल्या घरीं कोणास क्षय झाला असेल तर त्यानें गोठ्यांत निजूं नये. कारण माणसाचा क्षयहि गुरांस होतो. चौथी, मुलाच्या मानेंत गांठी आल्या व घरीं कच्चें दूध पीत असतील, तर डॉक्टरांस तें सांगावें. पायराझिनामाइड हें नेहमीचें एक औषध गुरांच्या क्षयजंतूवर चालत नाहीं. क्षयावरील उपचार सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतो. त्यांत लाज धरण्यासारखें कांहीं नाहीं.

आपल्या मुलांस जन्मतांच जी बीसीजीची लस टोंचितात, ती कालमेत व गेरां ह्या दोघां फ्रेंच विद्वानांनीं गाईच्याच क्षयजंतूपासून, तेरा वर्षें त्यास निर्बळ करीत, १९२१ सालीं सिद्ध केली. ज्या जंतूनें मुलें मारिलीं, त्यालाच देवानें त्यांचें रक्षण करावयास लाविलें.

कॉख यांनीं जगास डोळे दिले, आणि एका गोष्टींत आपलेच डोळे मिटून घेतले. ज्यांचें ज्ञान थोर, त्यांनाहि आपली चूक कबूल करणें जड जातें. मग आपण, ज्यांचें ज्ञान थोडें, वाडवडिलांची एखादी समजूत सोडावयास कां भ्यावें? प्रभूनें ज्या लेंकरांस जवळ बोलाविलें, त्यांच्या वाटींतलें दूध शुद्ध असावें, हेंहि त्याच्या सेवेंतलेंच काम आहे, असें आम्ही समजतों.