हातचा न विसरणारे यंत्र : चार्ल्स बॅबेज

चार्ल्स बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी इंग्लंड देशात लंडन येथे झाला. त्यांच्या वडिलांचा बँकेचा व्यवसाय होता. लहानपणी चार्ल्स फार आजारी पडत. पण गणिताची त्यांना भारी आवड होती. १८१० साली ते केंब्रिजला शिकायला गेले. पुढे १८२८ साली ते तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले.

त्या काळी संगणक नव्हते. मोठमोठे हिशेब माणसे हाताने करीत आणि उत्तरांची कोष्टके छापीत. भर समुद्रात आपले जहाज कोठे आहे, हे खलाशी अशी कोष्टके बघून काढीत. कोष्टकात एक आकडा चुकला तर जहाज भलतीकडेच जायचे! १८२१ साली बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल कोष्टके तपासायला बसले. बघतात तर काय, चुकाच चुका! तेव्हा बॅबेज यांच्या मनात आले, की हे काम यंत्राने केले पाहिजे.

सरकारने त्यांना पैसे दिले. १८३२ साली पहिल्या यंत्राचा एक भाग तयार झाला. पण पूर्ण यंत्र काही झाले नाही. १७,००० पौंडांहून जास्त खर्च झाल्यावर १८४२ साली सरकारने हात आखडला. लोक त्यांना हसले. पण बॅबेज थांबले नाहीत. १८३४ पासून ते दुसऱ्या, आणखी मोठ्या यंत्राचे नकाशे काढत होते. त्याचे नाव ॲनालिटिकल इंजिन. ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असे सगळे करणार होते.

मित्रांनो, मोठ्या गुणाकारात घोटाळा कोठे होतो? हातच्यात! बॅबेज यांच्या यंत्रात प्रत्येक आकड्याला एक चाक होते. चाकावर ० ते ९ आकडे. ९ च्या पुढे चाक फिरले की ० येतो आणि शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलावे लागते. हाच हातचा. ९९९९९९ मध्ये १ मिळवून बघा. हातचा एककापासून पार दहा लाखाच्या घरापर्यंत पळत जातो. पन्नास चाके असली तर हातचा एकेक करून पुढे द्यायला किती वेळ लागेल! म्हणून बॅबेज यांनी पुष्कळ डोके चालवून सगळे हातचे एकदम पुढे जातील अशी युक्ती काढली. पन्नास आकडी संख्येला पन्नास आकडी संख्येने एका मिनिटात गुणता येईल, असा अंदाज त्यांनी १८६४ साली आपल्या पुस्तकात लिहिला. असे उत्तर शंभर आकड्यांपर्यंत जाते.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी ते वारले. यंत्र अपुरेच राहिले. पण १९९१ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्यांच्याच नकाशांवरून त्यांचे दुसरे एक बेरजेचे यंत्र बनविले. त्याने ३१ आकडी हिशेब बरोबर केले! बॅबेज यांचे नकाशे खरे होते.

आता तर संगणक आले. मग हातचा संपला का? नाही. हे बघा :

९९ × ९९ = ९८०१
९९९ × ९९९ = ९९८००१
९९९९ × ९९९९ = ९९९८०००१

याच रीतीने आठ नवांना आठ नवांनी गुणले तर ९९९९९९९८००००००१ असे नव्हे, तर ९९९९९९९८०००००००१ असे सोळा आकडी उत्तर येते. शून्ये मोजून घ्या, सात पाहिजेत. संगणकाच्या तक्ते करण्याच्या प्रोग्रॅममध्ये पंधराच आकडे धरतात. तेथे शेवटचा १ जातो आणि ० दिसतो. संगणक चूक झाली असे सांगतही नाही. पायथन नावाच्या संगणकभाषेत मात्र मोठ्या संख्येचे तुकडे करतात, तुकड्यांना गुणतात आणि प्रत्येक हातचा पुढच्या तुकड्यात मिळवतात. त्यामुळे सगळे आकडे बरोबर येतात. रीत आपल्या पाटीवरचीच आहे.

बॅबेज यांना आपले यंत्र पुरे झालेले बघायला मिळाले नाही. तरी शेवटच्या आकड्यापर्यंत उत्तर बरोबर पाहिजे, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. आपणही गणित सोडवताना असाच हट्ट धरावा.

— इयत्ता ४ थी