तळघरातला संगणक

मुलांनो, तुम्ही संगणक पाहिलाच असेल. पण एक इलेक्ट्रॉनिक संगणक महाविद्यालयाच्या तळघरात जन्मला, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

जॉन अटानासॉफ यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेत झाला. त्यांचे वडील बल्गेरियातून आलेले होते. पुढे जॉन आयोवा स्टेट महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. तेच आजचे आयोवा स्टेट विद्यापीठ. लांबलचक समीकरणे सोडवण्यात विद्यार्थ्यांचा फार वेळ जाई. हे काम यंत्राने करावे, असा ध्यास त्यांनी घेतला.

१९३९ साली महाविद्यालयाने त्यांना ६५० डॉलर दिले. क्लिफर्ड बेरी हे विद्यार्थी मदतीला आले. दोघांनी ० आणि १ या दोनच अंकांवर चालणारे यंत्र तयार केले. एका वेळी २९ समीकरणे सोडवता यावीत, अशी त्याची रचना होती.

१९४२ साली युद्धकार्यासाठी दोघांनाही जावे लागले. यंत्राचे पेटंट घ्यायचे राहून गेले. पुढे यंत्रही मोडण्यात आले. सारे श्रेय एनिअ‍ॅक या संगणकाला मिळाले. त्याच्या एका निर्मात्याने १९४१ साली हे यंत्र पाहिले होते!

अखेर १९७३ साली न्यायालयाने एनिअ‍ॅकचे पेटंट रद्द केले आणि मूळ कल्पनेचे श्रेय अटानासॉफ यांना दिले. पण तो निकाल ऐकायला बेरी नव्हते. ते १९६३ सालीच वारले होते. अटानासॉफ यांचे निधन १९९५ साली झाले.

मुलांनो, मन लावून काम करा. पण केलेल्या कामाची नोंद वेळेवर करायला विसरू नका.