हर्फांचे इमाम : इब्नुल जजरी

हिजरी 751 मधील रमजानची 25वी रात्र. दमास्कस शहरात तरावीहची नमाज झाल्यावर एका व्यापाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. इसवी सन होते 1350. या व्यापाऱ्याला चाळीस वर्षे मूलबाळ नव्हते. हजला गेले असताना जमजमचे पाणी पिऊन त्यांनी अल्लाहकडे आलिम होणारा मुलगा मागितला होता, असे चरित्रकार सांगतात. मुलाचे नाव मुहम्मद ठेवले. घराण्याचे मूळ गाव तैग्रिसकाठचे जजीरा इब्ने उमर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील जिझ्रे. त्यावरून ते इब्नुल जजरी म्हणून ओळखले गेले. आपल्याकडच्या मदरशांत ते नुसते इमाम जजरी (रह.) आहेत.

तेराव्या वर्षी ते हाफिज झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तरावीहची इमामत केली. नंतर दमास्कस आणि कैरोतील कारींकडे बसून त्यांनी एकेक किरअत पूर्ण केली. ही विद्या पुस्तकातून येत नाही. शिष्याने उस्तादासमोर बसायचे, म्हणून दाखवायचे, चुकले की तिथेच थांबायचे आणि पुन्हा म्हणायचे. उस्तादाने आपल्या उस्तादाकडून असेच घेतलेले असते आणि ही साखळी थेट पैगंबर (स.) यांच्यापर्यंत पोहोचते. तफसीरमुळे घराघरांत ठाऊक असलेले इब्ने कसीर हेही त्यांचे उस्ताद. त्यांनी हिजरी 774 मध्ये या तरुणाला फतवा देण्याची इजाजत दिली.

उच्चारासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणाला वाटेल. मराठीत 'अलीम' असा एकच शब्द लिहिता येतो. कुरआनात मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाच्या सुरुवातीला कंठाच्या मध्यातून येणारा 'ऐन' आहे आणि त्याचा अर्थ सर्व काही जाणणारा. तो अल्लाहचा गुण आहे. दुसऱ्याच्या सुरुवातीला कंठाच्या तळातून येणारा 'हमजा' आहे आणि अर्थ आहे वेदनादायक. तो अजाबसाठी येतो. जिभेच्या अगदी मुळातून निघणारा 'काफ' किंचित पुढे सरकला, तर 'कल्ब' म्हणजे हृदयाचा कुत्रा होतो.

प्रत्येक हर्फ तोंडात जिथून निघतो त्या जागेला मखरज म्हणतात. शाळेत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग शिकलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. इमाम जजरींनी असे 17 मखरज मान्य केले : तोंडाच्या पोकळीत एक, कंठात तीन, जिभेवर दहा, ओठांत दोन आणि नाकाचा एक. हे सारे त्यांनी 107 बैतांच्या 'मुकद्दमा' या छोट्या पद्यग्रंथात बसवले. पाठ करायला सोपे जावे म्हणूनच ते पद्यात आहे. सर्वांत अवघड त्यांनी 'ज्वाद' मानला. जिभेची कड वरच्या दाढांना लावून निघणारा हा हर्फ खुद्द रमजान या शब्दातही आहे. आपल्या जिभेवर ज्वाद, जोय, जाल आणि जे या चौघांचा एकच ज होतो. 'मुकद्दमा'त ज्वाद आणि जोय यांचा फरक सांगणारा स्वतंत्र भाग आहे.

हिजरी 798 मध्ये हिशेबावरून मामलूक अधिकाऱ्याशी बिनसले आणि त्यांना मुलूख सोडावा लागला. समुद्रमार्गे ते उस्मानी सुलतान बायजीद यांच्या बुर्सा शहरी गेले. तिथे हिजरी 799 मध्ये अवघ्या काही महिन्यांत त्यांनी 'अन-नश्र' हा मोठा ग्रंथ पुरा केला. सात किरअती आधीपासून सर्वमान्य होत्या. उरलेल्या तिन्हींची परंपराही तितकीच भक्कम आहे, हे त्यांनी सुमारे हजार मार्गांची छाननी करून दाखवले. आज दहा किरअती म्हटले की याच ग्रंथाचा आधार घेतात.

बुर्सात समोर बसणाऱ्यांची भाषा तुर्की होती, पुढे समरकंद आणि शिराजमध्ये फारसी. अरबी हर्फ ज्यांच्या जिभेला उपरे, अशांतच त्यांचे निम्मे आयुष्य गेले. 'अन-नश्र'मधील त्यांचा निवाडा वाचताना हे विसरता येत नाही. तिलावत करणारे त्यांच्या मते तीन प्रकारचे : नीट म्हणणारा, त्याला सवाब आहे. शिकणे शक्य असूनही आळसाने किंवा गर्वाने न शिकणारा, तो गुन्हेगार. आणि जीभ साथ देत नाही किंवा शिकवणारा मिळत नाही असा, तो माफ. उतारवयात अलिफ-बे हाती घेणाऱ्या माणसाला यातला तिसरा वर्ग मोठा दिलासा देतो. पण 'मुकद्दमा'त ते हेही बजावतात की जमणे आणि न जमणे यात अंतर फक्त जबड्याच्या सरावाचे आहे. शिवाय तोंड वेडेवाकडे करून, ओढूनताणून म्हणणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. उच्चार पूर्ण हवा, पण सहज हवा.

1402 मध्ये अंकाराच्या लढाईत बायजीद हरले. तैमूरने इमाम जजरींना आपल्यासोबत केश आणि समरकंदला नेले. तिथेही त्यांनी शिकवणे थांबवले नाही. तैमूरच्या मृत्यूनंतर ते हेरात, यज्द, इस्फहान असे करत हिजरी 808 च्या रमजानात शिराजला पोहोचले. तिथे तैमूरचा नातू पीर मुहम्मद याने त्यांना अडवून घेतले आणि मनाविरुद्ध काजी केले.

त्यांची मुलगी सलमा हीदेखील कुरआनची हाफिज होती आणि दहाही किरअतींत तरबेज होती. किरअतीच्या विद्वानांच्या चरित्रकोशात वडिलांनी तिची स्वतंत्र नोंद केली आहे. मुलगा अहमद याने 'मुकद्दमा'वर टीका लिहिली.

सत्तरीच्या घरात असताना ते पुन्हा हजला निघाले. नज्दच्या वाळवंटात बदूंनी रात्री हल्ला करून त्यांना लुटले आणि त्या वर्षीचा हज हुकला. उनैजा गावात ते अडकून पडले. सामान गेले होते, पण डोक्यातले कुठे जाणार? तिथेच त्यांनी उरलेल्या तीन किरअतींवर 'अद-दुर्रा' हा पद्यग्रंथ रचला. मग मदिना आणि मक्का गाठली.

रबीउल अव्वल 833, म्हणजे डिसेंबर 1429 मध्ये, शिराजला शुक्रवारी त्यांचे निधन झाले. जनाजाला खांदा देण्यासाठी थोर आणि सामान्य सगळेच पुढे सरसावले. शिराजमध्ये त्यांनी स्वतः उभारलेल्या कुरआन-विद्यालयातच त्यांना दफन करण्यात आले.